बाहेरची मेल घरच्या सर्व्हरवर येत नाही, तेव्हा घोडं नेमकं कुठे अडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकून पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (आलेली मेल वाचायला देणारा) बसवलंय. स्वतःचं डॉट इन डोमेन आहे, एमएक्स नोंद (या डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारी) केली आहे, राउटरवर पोर्ट २५ डेस्कटॉपकडे फॉरवर्ड केलाय. डोमेनचं नाव टाकलं की डेस्कटॉपवरची वेबसाइट उघडते. घरातल्या दोन लॅपटॉपांमध्ये मेल नीट जाते-येते. जीमेलवरून पाठवलेली मात्र येत नाही, आणि दोन दिवसांनी जीमेल कळवतं की समोरच्या सर्व्हरने जोडणीची विनंती स्वीकारली नाही. पोस्टफिक्स चार वेळा काढून पुन्हा टाकून झालंय. ब्रॉडबँडवाला म्हणतो स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घ्या. तो घ्यावाच लागेल का?

पाचव्यांदा पोस्टफिक्स काढू नका. जीमेलचा तो निरोपच सांगतोय की गोष्ट पोस्टफिक्सपर्यंत बहुधा पोचलेलीच नाही. तुमची खरी अडचण मेल सर्व्हरची नाही, तर बाहेरच्या कुणालाही तुमच्या घरातल्या पोर्ट २५ पर्यंत येता येतं का, ही आहे. घरातल्या घरात मेल फिरते यावरून एवढंच सिद्ध होतं की पोस्टफिक्स जिवंत आहे.

आधी पोर्टचा मुद्दा, कारण बहुतेक जण इथेच फसतात. वेबसाइट ८०८० वर चालवता येते, कारण पत्त्यात पोर्ट लिहिता येतो. मेलमध्ये ती सोय नाही. एमएक्स नोंदीत फक्त प्राधान्याचा आकडा आणि सर्व्हरचं नाव बसतं. पोर्टसाठी जागाच नसते. जगातला प्रत्येक मेल सर्व्हर दुसऱ्या मेल सर्व्हरशी पोर्ट २५ वरच बोलणार. ५८७ आणि ४६५ हे पोर्ट वापरकर्त्याने आपल्या सर्व्हरला मेल सोपवण्यासाठी आहेत, ९९३ आलेली मेल वाचण्यासाठी. ते उघडून बाहेरची मेल येणार नाही. म्हणजे एकच दार आहे, आणि ते तुमच्या ताब्यात आहे की नाही हे आधी पाहायचं.

राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट स्टेटस असा भाग असतो, तिथला आयपी पत्ता वहीत लिहून घ्या. मग त्याच जोडणीवरून 'माझा आयपी काय' सांगणारी कुठलीही साइट उघडून तिथला पत्ता शेजारी लिहा. दोन्ही सारखे असतील तर तुम्हाला खरा सार्वजनिक पत्ता मिळालाय. वेगळे असतील आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या (अनेक घरांत वाटलेल्या एकाच पत्त्याच्या) मागे आहात. हा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला. एका सार्वजनिक पत्त्यामागे कंपनी अनेक घरं बसवते, आणि बाहेरून त्या पत्त्याच्या पोर्ट २५ वर आलेली जोडणी कोणत्या घरात द्यायची हे कंपनीच्या यंत्राला कळायचा मार्गच नसतो. तुमच्या राउटरवरचं फॉरवर्डिंग कितीही बरोबर असो, पॅकेट (डेटाचा तुकडा) तिथवर येतच नाही.

राउटरवरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी असू शकते. फायबरवाल्याने बसवलेला ओएनटी (फायबरची वायर जोडायचा डबा) स्वतःच राउटरचं काम करतो आणि त्याच्या मागे तुम्ही आपला राउटर लावलेला असतो. दोन नॅट (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे ठेवणारी सोय), एकामागे एक. अशा वेळी ओएनटी ब्रिज मोडला टाकून, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून, पीपीपीओई (कंपनीचं लॉगिन) तुमच्या राउटरवर घ्यायचं, किंवा फॉरवर्डिंग दोन्हीकडे करायचं: ओएनटीवरून राउटरकडे, राउटरवरून डेस्कटॉपकडे. १० ने सुरू होणारा पत्ता दोन्ही प्रकारांत दिसतो, म्हणून ओएनटीच्या पानावरचा वॅन पत्ताही पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

तुम्ही लिहिलंय की डोमेनचं नाव टाकलं की डेस्कटॉपवरची वेबसाइट उघडते. कुठून उघडते? घरातल्या वाय-फायवरून उघडत असेल तर तो पुरावा नाही. बरेच राउटर आतून आलेली मागणी आतच वळवून देतात, ती बाहेर जातच नाही. मोबाइलचं वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावरून उघडून पाहा. तशी उघडली तर सीजीनॅट नाही, फॉरवर्डिंगही चालतंय, आणि मग संशय उरतो तो कंपनीने खास पोर्ट २५ अडवल्याचा. मोबाइल डेटावरून थेट पोर्ट २५ तपासायला जाऊ नका. मोबाइल कंपन्या स्वतःच्या ग्राहकांचा बाहेर जाणारा २५ अनेकदा बंद ठेवतात, त्यामुळे तुमचं दार उघडं असूनही तुम्हाला बंद दिसेल.

कंपनी २५ का अडवते याला सबळ कारण आहे. घरोघरच्या व्हायरस लागलेल्या संगणकांतून स्पॅमचा लोंढा थेट २५ वरून जगभर जायचा, तो थांबवायला हा पोर्ट बंद करणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. त्यासाठी बाहेर जाणारा २५ बंद केला तरी पुरतं, पण काही जण दोन्ही दिशा बंद करून मोकळे होतात. या दोन दिशा डोक्यात वेगळ्या ठेवा: मेल घ्यायला आत येणारा २५ लागतो, मेल पाठवायला बाहेर जाणारा. तुमचा प्रश्न घेण्याचा आहे, तेवढंच आधी सोडवू.

आता अंदाज थांबवून प्रत्यक्ष पाहू. डेस्कटॉपवर रूट म्हणून टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) चालवा, फक्त पोर्ट २५ वरचे पॅकेट दाखव असं सांगून. तो चालू ठेवून जीमेलवरून स्वतःला मेल पाठवा आणि पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसा. तीनपैकी एक घडेल. काहीच आलं नाही, तर अडथळा डेस्कटॉपच्या बाहेर आहे: सीजीनॅट, कंपनीचा अडसर, चुकीचं फॉरवर्डिंग किंवा डीएनएसमधला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतला) जुना पत्ता. जोडणीची मागणी आली आणि तुमच्याच यंत्राने लगेच नकार पाठवला, तर पॅकेट पोचतंय पण त्या पत्त्यावर कुणी ऐकत नाही. मागणी आली, तुमचं उत्तर गेलं, आणि पलीकडून पुन्हा तीच मागणी येत राहिली, तर उत्तर परत पोचत नाहीये. डेस्कटॉपला वाय-फाय आणि केबल अशी दोन्ही जोडणी असली किंवा व्हीपीएन चालू असला की हे दिसतं: मागणी एका वाटेने येते, उत्तर भलत्याच वाटेने जातं.

दुसरा प्रकार डेबियनवर नेहमीचा आहे. पोस्टफिक्स बसवताना विचारलेल्या प्रश्नाला 'लोकल ओन्ली' असं उत्तर दिलं की तो फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो. तुमचे लॅपटॉप मेल टाकू शकतात त्या अर्थी तुमच्याकडे हे नसावं, तरी एसएस ही आज्ञा ऐकणाऱ्या पोर्टांच्या पर्यायांसह चालवा. २५ च्या आधी ०.०.०.० दिसलं पाहिजे. १२७.०.०.१ दिसलं तर मेन डॉट सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंग फाइलमध्ये आयनेट-इंटरफेसेस 'ऑल' करा आणि पोस्टफिक्स रीस्टार्ट करा. या एका सेटिंगला रीलोड पुरत नाही. अनेक जण रीलोड करून 'बदल लागू होत नाही' म्हणत बसतात. लॉग सापडत नसेल तर तेही वेडं होण्याचं कारण नाही: डेबियन १२ पासून आरसिसलॉग (लॉग फाइलींत लिहिणारा प्रोग्राम) आपोआप बसत नाही, त्यामुळे मेल डॉट लॉग ही फाइल नसते, सगळं जर्नलसीटीएलमध्ये असतं.

डीएनएसकडे एकदा बघून घेऊ. एमएक्स नोंदीत सर्व्हरचं नाव लिहायचं, आयपी पत्ता नाही. ते नाव सरळ ए नोंदीकडे (नावापुढे आयपी पत्ता) जायला हवं, सीनेमकडे (नावापुढे दुसरं नाव) नाही. नियमात हे स्पष्ट आहे. काही पाठवणारे चालवून घेतात, काही घेत नाहीत, आणि मग 'अमक्याकडून येते, तमक्याकडून येत नाही' असा भुताटकीसारखा प्रकार सुरू होतो. बदलता आयपी असणारे लोक नेमकं हेच करतात: बदलत्या पत्त्याला नाव देणाऱ्या डकडीएनएससारख्या ठिकाणी एक नाव घेतात, आपल्या डोमेनमधलं 'मेल' हे नाव सीनेमने तिकडे वळवतात आणि एमएक्स त्या 'मेल'कडे लावतात. मधली पायरी काढा, एमएक्स थेट डकडीएनएसच्या नावाकडे लावा. डोमेनचं डीएनएस क्लाउडफ्लेअर या कंपनीकडे असेल तर त्या ए नोंदीपुढचा ढग करडा असला पाहिजे. नारिंगी असला तर जगाला क्लाउडफ्लेअरचा पत्ता दिसतो, आणि तो प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) पोर्ट २५ पुढे पाठवत नाही.

बदलत्या आयपीवर मेल घेता येते का? येते, पण त्यातला धोका समजून घ्या. तुमचा पत्ता बदलला आणि डीएनएसमध्ये जुनाच राहिला, तर तेवढा वेळ तुमची मेल दुसऱ्याच्या दारात जाते. तिथे २५ वर कुणी ऐकत नसेल तर काही बिघडत नाही, पाठवणारा पुन्हा प्रयत्न करतो. पण त्या घरातही कुणी हौशी माणसाने मेल सर्व्हर चालवला असेल तर तो 'रिले ॲक्सेस डिनाइड' (ही मेल माझी नाही, पुढेही देणार नाही) म्हणून ५५४ देऊ शकतो. ते पक्कं नाही असतं, मेल लगेच परत जाते. म्हणून ए नोंदीचा टीटीएल (इतरांनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ) ३०० सेकंद ठेवा आणि पत्ता बदलला की नोंद बदलणारी डीडीक्लायंटसारखी सोय राउटरवर किंवा डेस्कटॉपवर चालू ठेवा.

इथे ४ ने आणि ५ ने सुरू होणाऱ्या उत्तरांतला फरक पक्का करून ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ४ म्हणजे 'आत्ता नाही, नंतर ये'. ५ म्हणजे 'नाहीच'. आणि सर्व्हर सापडलाच नाही तर तेही 'नंतर ये' असंच धरलं जातं. एसएमटीपीचं (मेल पाठवण्याच्या पद्धतीचं) २००८ सालचं मानक पाठवणाऱ्याला सांगतं की साधारण ४ ते ५ दिवस प्रयत्न चालू ठेवा. सगळेच इतके दिवस थांबत नाहीत, पण काही तास जवळपास सगळे थांबतात. त्यामुळे दुपारी चार तास वीज गेली म्हणून मेल हरवत नाही, उशिरा येते. वीज गेल्याच्या भीतीने दुसरा 'बॅकअप एमएक्स' (पहिला बंद असताना मेल घेणारा राखीव सर्व्हर) लावायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. लावू नका. स्पॅमवाले मुद्दाम त्या दुय्यम सर्व्हरकडे जातात, कारण तिथली तपासणी सहसा ढिली असते. त्यापेक्षा ओएनटी आणि राउटर छोट्या यूपीएसवर घ्या. डेस्कटॉपला यूपीएस असून ओएनटी बंद पडला तर उपयोग शून्य.

याच फरकाचा फायदा घेणारी एक सेटिंग आहे, सॉफ्ट-बाउन्स. मांडामांड चालू असेपर्यंत ती 'येस' ठेवा. मग पोस्टफिक्सची सगळी पक्की नकारार्थी उत्तरं तात्पुरती होतात. तुमच्याकडून काही चुकलं असेल तर मेल परत न जाता पाठवणाऱ्याच्या रांगेत थांबते, तुम्ही चूक सुधारता, ती येते. सगळं जुळलं की आठवणीने काढा, नाहीतर प्रत्येक स्पॅमवाला दिवसचे दिवस पुन्हा पुन्हा दार वाजवत राहील.

समजा जोडणी पोचली. आता पोस्टफिक्सला हे डोमेन आपलं आहे हे कळलं पाहिजे. मायडेस्टिनेशन या सेटिंगमध्ये सुरुवातीला यंत्राचं नाव आणि लोकलहोस्ट एवढंच असू शकतं, तुमचं डोमेन तिथे स्वतः घालावं लागतं. नाही घातलं तर बाहेरून आलेल्या मेलला 'रिले ॲक्सेस डिनाइड' मिळतं. घरातल्या लॅपटॉपवरून चाचणी करताना ही चूक नीट दिसत नाही, कारण लॅपटॉपचा पत्ता मायनेटवर्क्समध्ये (विश्वासातल्या पत्त्यांच्या यादीत) बसतो आणि त्या विश्वासातल्या यंत्रांना पोस्टफिक्स कुठेही मेल पाठवू देतो.

मायनेटवर्क्सवर जरा थांबतो, कारण घरच्या सर्व्हरचा घात इथेच होतो. समजा तिथे १९२.१६८.१.० चं अख्खं घरगुती जाळं लिहिलंय. काही राउटर पोर्ट फॉरवर्ड करताना पाठवणाऱ्याचा मूळ पत्ता पुसून स्वतःचा, म्हणजे १९२.१६८.१.१, लावतात. पोस्टफिक्सला वाटतं जीमेलपासून रशियातल्या स्पॅमवाल्यापर्यंत सगळे घरातलेच. तुमचा सर्व्हर ओपन रिले, म्हणजे कुणाचीही मेल कुठेही पाठवणारा, झाला. तो शोधून काढायला स्कॅन करणाऱ्यांना फार वेळ लागत नाही, मग तुमच्या नावावर हजारो स्पॅम जातात आणि कंपनी जोडणी तोडते. ओळखायचं कसं? लॉगमध्ये 'कनेक्ट फ्रॉम' च्या पुढे काय येतं ते पाहा. जीमेलच्या मेलपुढे गूगलचा पत्ता दिसला पाहिजे. तिथे राउटरचा पत्ता दिसत असेल तर मायनेटवर्क्समध्ये फक्त १२७.०.०.० चा पट्टा ठेवा आणि घरातल्या लॅपटॉपांनाही पासवर्ड देऊन ५८७ वरूनच मेल टाकायला लावा. मी राउटर कसाही असो, हेच करतो.

खात्री बाहेरच्या एखाद्या यंत्रावरून करायची. तुमच्या पोर्ट २५ वर टेलनेटने जोडा. २२० ने सुरू होणारी ओळ आली पाहिजे. 'हेलो' म्हणा, 'मेल फ्रॉम' मध्ये कुठलाही पत्ता द्या, २५० येईल. 'आरसीपीटी टू' मध्ये तुमच्या डोमेनचा खरा पत्ता दिलात तर २५०. जीमेलचा एखादा पत्ता दिलात तर 'रिले ॲक्सेस डिनाइड' यायलाच हवं. तुमच्या डोमेनवरचं पण अस्तित्वात नसलेलं नाव दिलंत तर ५५०, किंवा सॉफ्ट-बाउन्स चालू असेल तर ४५०. ही तिसरी चाचणी लोक विसरतात. न ओळखीच्या नावाची मेल आधी घेतली आणि मग 'असा कुणी नाही' म्हणून परत पाठवली, तर ती परतीची मेल ज्या निष्पाप माणसाचा पत्ता स्पॅमवाल्याने चोरला त्याच्याकडे जाते. नकार द्यायचा तो दारातच.

आता तुमचा मूळ प्रश्न, स्टॅटिक आयपी. तो घेतला की सीजीनॅट सुटतं आणि पत्ता बदलायचा थांबतो, हे खरं. पण पोर्ट २५ उघडा मिळेलच असं नाही. पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी, म्हणजे ईमेलवर, विचारा: मिळणारा पत्ता सार्वजनिक आयपीव्ही४ आहे का, आणि त्यावर आत येणारा टीसीपी पोर्ट २५ उघडा असेल का. कस्टमर केअरवरचा मुलगा 'हो सर, सगळं चालेल' म्हणेल, त्याला धरून चालू नका. काही कंपन्या घरगुती योजनेत हे देतच नाहीत, व्यावसायिक योजना घ्यायला सांगतात. भाव कंपनीगणिक आणि गावागणिक बदलतो.

आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, लांब पद्धत) बद्दलही कुणी सुचवेल. सीजीनॅटमागच्या बऱ्याच घरांना खरा आयपीव्ही६ पत्ता मिळालेला असतो, राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट केली की बाहेरून पोचता येतं. जीमेल त्यावर मेल देतं. पण फक्त आयपीव्ही४ वर बोलणारे पाठवणारे अजून भरपूर आहेत, त्यांची मेल तुमच्यापर्यंत येणार नाही. प्रयोग म्हणून छान, रोजच्या मेलसाठी नको.

सीजीनॅट निघालं किंवा २५ बंद निघाला तर माझा सल्ला स्टॅटिक आयपीचा नाही, छोट्या व्हीपीएसचा (भाड्याने मिळणाऱ्या आभासी सर्व्हरचा) आहे. सगळ्यांत लहान, १ जीबी मेमरीचा घ्या. मेल तिथे साठवायची नाही. एमएक्समधलं नाव आता त्याच्याकडे वळवायचं, पण तो फक्त देवडीवरचा माणूस, मेलपेटी घरीच. घरच्या डेस्कटॉपवरून व्हीपीएसपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा टनेल (बंदिस्त वाट) काढायचा. जोडणी घरातून बाहेर जाते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. घरच्या बाजूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर काही वेळ शांत राहिल्यावर मधला नॅट ती वाट विसरतो आणि बाहेरून आत काही जात नाही. (हा २५ आणि पोर्ट २५ यांचा संबंध नाही, योगायोग आहे.) बरेच व्हीपीएसवाले स्वतःच्या यंत्रांवरून बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद ठेवतात. त्याने घाबरू नका. तुम्हाला आत येणारा हवाय, आणि घराकडे जाणारी मेल टनेलच्या आत, वायरगार्डच्या यूडीपी पॅकेटमध्ये गुंडाळलेली असल्याने त्यांना ती २५ म्हणून दिसतच नाही. आत येणारा उघडा आहे ना, एवढं मात्र घेण्याआधी पाहा.

व्हीपीएसवर नुसतं पोर्ट फॉरवर्डिंग करण्याचा मोह होईल. त्यात पुन्हा तोच पत्ता पुसला जाण्याचा घोळ होतो. तिथे दुसरं पोस्टफिक्सच बसवा. त्याच्या मायडेस्टिनेशनमध्ये तुमचं डोमेन घालायचं नाही, ते रिले-डोमेन्समध्ये घालायचं. ट्रान्सपोर्टच्या तक्त्यात त्या डोमेनपुढे टनेलमधला घरचा पत्ता, समजा १०.८.०.२, चौकटी कंसात लिहायचा. कंस म्हणजे 'एमएक्स बघू नकोस, थेट इथे जा'. पत्त्याऐवजी नाव लिहून कंस विसरलात तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधतो, तो व्हीपीएसच निघाला तर स्वतःकडेच परत येतो आणि लॉगमध्ये 'लूप्स बॅक टू मायसेल्फ' लिहून थांबतो. घरी चार माणसांचे चार पत्ते असतील तर ते रिले-रेसिपियंट-मॅप्समध्ये हाताने लिहा. नाहीतर वर सांगितलेला परतीच्या मेलचा घोटाळा व्हीपीएसवर होईल आणि त्याचा पत्ता काळ्या यादीत जाईल.

घरच्या पोस्टफिक्सला फक्त १०.८.०.२ वर ऐकायला लावू नका. वीज आल्यावर यंत्र सुरू होताना पोस्टफिक्स टनेलच्या आधी उठला तर तो पत्ता तोवर अस्तित्वातच नसतो आणि सेवा पडून राहते. 'ऑल' ठेवा, बाकीचं फायरवॉलने अडवा.

या रचनेत वीज जाण्याचा प्रश्नही आटोक्यात येतो, कारण रांग आता तुमच्या स्वतःच्या व्हीपीएसवर आहे. पोस्टफिक्स मुळात ५ दिवस मेल धरून ठेवतो. गणपतीला गावी जाताना घर बंद करणार असाल तर मॅक्सिमल-क्यू-लाइफटाइम १५ दिवस करा. एक बारीक गोष्ट: घर पुन्हा चालू झालं तरी मेल लगेच येत नाही, दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढत वाढत ४००० सेकंदांपर्यंत, म्हणजे तासाभराहून थोडं जास्त, गेलेलं असतं. थांबायचं नसेल तर व्हीपीएसवर पोस्टक्यू ही आज्ञा एफ पर्यायासह द्या, सगळी रांग तेव्हाच सुटते.

दोन आकडे जाता जाता. पोस्टफिक्स मुळात सुमारे १० एमबीपर्यंतची मेल घेतो. जीमेलवरून २५ एमबीची फाइल जोडली तर प्रवासात ती एक तृतीयांशाने फुगते. दोन्ही यंत्रांवर मेसेज-साइझ-लिमिट ५२४२८८०० करा. आणि त्याच वेळी मेलबॉक्स-साइझ-लिमिट शून्य करा. तिची मूळ किंमत ५१२००००० आहे, म्हणजे तुम्ही नुकत्याच लिहिलेल्या आकड्यापेक्षा किंचित कमी, आणि पेटीची मर्यादा एका मेलच्या मर्यादेपेक्षा लहान दिसली की पोस्टफिक्स मेल पेटीत टाकायलाच नकार देतो.

स्पॅमसाठी स्पॅमहाउसची झेन यादी (स्पॅमवाल्या पत्त्यांची काळी यादी) व्हीपीएसवर लावा, पण ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारू नका. तिथून विचारलं तर स्पॅमहाउस उत्तर म्हणून १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटीचा (एररचा) संकेत पाठवतं. पोस्टफिक्सला 'काहीतरी उत्तर आलं म्हणजे नाव यादीत आहे' एवढंच कळत असेल तर तो प्रत्येकाची मेल नाकारतो, जीमेलचीही. व्हीपीएसवरच अनबाउंड (स्वतःचा डीएनएस सर्व्हर) बसवा आणि फक्त १२७.०.०.२ ते ११ ही उत्तरं मोजायला सांगा. टीएलएसचं (वाटेत मेल कुलूपबंद ठेवण्याचं) म्हणाल तर लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र लावा, नाव व्हीपीएसकडे असल्याने ते सहज मिळतं. नसलं तरी बहुतेक पाठवणारे अडून बसत नाहीत.

मेल पाठवण्याचं मुद्दाम फार लिहीत नाही. घरच्या पत्त्यावरून थेट पाठवायच्या भानगडीत पडू नका. घरगुती पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे काळ्या यादीत असतात आणि उलटी डीएनएस नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) तुमच्या हातात नसते. रिलेहोस्ट म्हणून एखादी पाठवणी सेवा ५८७ वर लावा, एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या सोयी) तिच्या सूचनेप्रमाणे करा.

आणखी एक पथ्य. ज्या कंपनीकडे डोमेन घेतलंय आणि जिच्याकडे व्हीपीएस आहे, त्या दोन्ही खात्यांवर या डोमेनचा ईमेल पत्ता देऊ नका. सर्व्हर बंद पडला की पासवर्ड बदलायची मेल त्याच बंद सर्व्हरवर जाईल. बँक आणि आयकराचे पत्तेही निदान सहा महिने जुन्याच मेलपेटीवर राहू द्या.

आज रात्री करायचं ते एवढंच: राउटर आणि ओएनटीवरचे वॅन पत्ते लिहून घ्या, सॉफ्ट-बाउन्स चालू करा, आणि टीसीपीडम्प लावून जीमेलवरून एक मेल पाठवा. पत्त्यांचे फक्त पहिले दोन गट आणि टीसीपीडम्पमध्ये काय दिसलं ते इथे लिहा. पूर्ण पत्ता आणि डोमेनचं नाव उघड्यावर टाकू नका.